मयतीचे आमदार

दौलतरावजी आमदार एखाद्याच्या घरी गेले की त्या घरातली बाई आधी आपली माणसं मोजून घेई. सगळी जागेवर आहेत, चालती-बोलती आहेत, अशी खात्री पटली की मगच त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या येई.

यात त्या बाईचा काही दोष नव्हता. दुसरे आमदार लग्नाला येतात, बारशाला येतात, विहिरीवर नारळ फोडायला येतात. आमचे आमदार फक्त मयतीला येत. न चुकता येत. कोणाचं काही बरंवाईट झालं आणि अजून घरात नीट रडूही फुटलं नाही तोवर अंगणाच्या कुडाला त्यांची सायकल टेकलेली असे. लोक त्यांना तोंडावर ‘दाऊ’ म्हणत, कारण ते जुन्या मराठी मालगुजाराचे, म्हणजे जमीनदाराचे, नातू होते आणि छत्तीसगढात मालगुजाराला दाऊच म्हणायची रीत आहे. पाठीमागे मात्र सगळे त्यांना ‘मयतीचे आमदार’ म्हणत.

मी तेव्हा भिलाई स्टेशनात मालबाबू, म्हणजे मालगाड्यांचा कारकून, होतो. मूळचा गोंदियाकडचा. सुखाची नोकरी म्हणून इकडे बदली करून घेतली आणि वर्षभरात पोलादाच्या कारखान्याचं बांधकाम सुरू झालं. मग माझ्या झोपेचं जे खोबरं झालं ते झालंच. वॅगनींवर वॅगनी. सिमेंट, सळया, रशियातून आलेली अगडबंब खोकी, आणि ती कुठे उतरवायची हे कोणालाच ठाऊक नाही. अशा धांदलीत दौलतरावजी आमच्या क्वार्टराला लागूनच्या कौलारू घरात भाड्याने राहायला आले. आमदार शेजारी आले म्हणून आमच्या हिला फार आनंद झाला. तो पहिल्या भेटीपर्यंत टिकला.

पहिली भेट अशी. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पडसं झालं होतं. साधं पडसं. आबा खाटेवर घोंगडी घेऊन पडले होते. दौलतरावजी खरं तर मला भोपाळच्या गाडीचं विचारायला आले होते. पण खाटेवर माणूस दिसला आणि त्यांच्याने राहवेना. ते जाऊन उशाशी बसले, सवयीने आबांच्या पायाचा अंगठा दाबून पाहिला आणि हळू आवाजात म्हणाले, “कसं वाटून राहिलं?”

आबांनी घोंगडी झटकली. “गजानन! याईले आधी बाहेर काढ. मी मरून नाई राहिलो!”

“बरं हाय, बरं हाय,” दौलतरावजी म्हणाले. जराही रागावले नाहीत. “काई घाई नाई.”

आबा त्यानंतर पुष्कळ जगले. ‘त्या दिवशीच जिद्द धरली म्या,’ असं ते सांगत.

दिसायला दौलतरावजी म्हणजे एक ठेंगणी, काळीसावळी, हाडाची मूर्ती. धोतर, वर काळा बंद गळ्याचा कोट, भर उन्हाळ्यातसुद्धा. कोटाच्या एका खिशात आमदारकीचा रेल्वेचा पास आणि दुसऱ्या खिशात सुतळीचं गुंडाळं, कापराची पुडी आणि आगपेटी. “दोन्ही पासच हायत, मालबाबू,” ते मला म्हणत. “एक भोपाळचा, एक तिकडचा.” मजुरांच्या वस्तीत कोण गेलं की वेळेवर सुतळी सापडत नाही, कापूर सापडत नाही, ही त्यांची कायमची तक्रार. राज्यात सिंचन नाही, शाळा नाहीत, याबद्दल मी त्यांच्या तोंडून कधी चकार शब्द ऐकला नाही. पण वेळेवर सुतळी सापडत नाही याचा त्यांना मनापासून संताप येई.

तिरडी बांधावी ती त्यांनीच. कोणी पोरसवदा माणूस बांबू बांधायला बसला की ते त्याला खांद्याने बाजूला सारत आणि स्वतः उकिडवे बसत. “गाठ इकडून घे लेका. ढिली नको ठेवू, मतदार हाय माहा.”

“आता कायचा मतदार, दाऊ?” कोणीतरी म्हणालंच एकदा.

“कावून? मत तं जितेपणी देल्लं न त्यानं? मंग?”

तिरडी मात्र पक्की व्हायची.

पहिली भट्टी पेटली तेव्हा दिल्लीहून मोठमोठे पाहुणे आले. आमच्या स्टेशनाला नवा चुना लागला, मला नवा कोट मिळाला, आणि दौलतरावजींना पुढच्या रांगेतल्या खुर्चीची पत्रिका आली. त्या दिवशी त्यांची खुर्ची रिकामी होती. ते मजुरांच्या कॅम्पातल्या एका गवंड्याच्या म्हाताऱ्या आईला पोचवायला गेले होते. मी नंतर म्हटलं, “अहो, असा दिवस परत येणार आहे का?” तर म्हणाले, “भट्टी काय, रोजच जळणार हाय. म्हातारी एकदाच जळते.”

मी मनात म्हटलं, धन्य आहे. नाकासमोर दैव आलं होतं आणि हा माणूस शिंकरून मोकळा झाला.

त्यांची दुसरी खोड म्हणजे ‘शिवेपर्यंत येतो.’ त्यांच्याकडून कोणीही उठून निघालं की तेही वहाणा घालत. “चला, शिवेपर्यंत येतो.” आता आमची दोन घरं एका भिंतीची. मी त्यांच्याकडून उठलो की ते मला माझ्या दारापर्यंत पोचवत, मग मी संकोचाने त्यांना त्यांच्या दारापर्यंत पोचवी, आणि मग पुन्हा ‘शिवेपर्यंत येतो.’ शेवटी आमची ही बाहेर येऊन ओरडे तेव्हा कुठे हे थांबे. एकदा एक रशियन इंजिनिअर स्टेशनात वाट चुकून आला. दौलतरावजी त्याच्याबरोबर चालत थेट सेक्टरच्या टोकापर्यंत गेले, तिथे हात जोडले आणि एक शब्दही न बोलता परत फिरले. तो बिचारा दुसऱ्या दिवशी मला खुणांनी विचारत होता की आपल्यावर पोलिसांनी नजर ठेवली आहे का.

पहिल्या निवडणुकीत ते निवडून आले तेव्हा राजधानी नागपूर होती. तिथे त्यांचं बरं चालायचं. मामा सीताबर्डीवर राहायचा, सभागृहात मराठी कानावर पडायची, भूक लागली की मामीकडे जाऊन झुणका-भाकर खाता यायची. मग प्रांतांची फोडाफोड झाली आणि राजधानी भोपाळला गेली. त्याच सुमाराला त्यांचं गाव कारखान्यात गेलं. “राजधानी उठली, गाव उठलं,” ते म्हणत. “मीच तेवढा एका जागी बसेल हाय.”

भोपाळात ते नुसते बसूनच असत. बोलायला उठत ते फक्त शोकप्रस्तावावर. कोणी माजी सदस्य वारला, कोणी पुढारी गेला, की आमचे आमदार उभे राहात आणि मोडक्यातोडक्या हिंदीत असं काही बोलत की गेलेल्याच्या विरोधकांचेही डोळे पाणावत. पक्षाचा प्रतोद एकदा त्यांच्या मागे लागला, बजेटवर बोला, तुमच्या भागात एवढा कारखाना होतोय, दोन शब्द तरी बोला. दौलतरावजी म्हणाले, “बजेट अजून जितं हाय साहेब.” प्रतोदाने नाद सोडला.

हे सगळं मी बरीच वर्षं विनोद म्हणून सांगत होतो. ड्यूटीवरच्या लोकांना सांगितलं की हमखास हशा. त्यामागचं खरं मला ताराकाकूंनी सांगितलं. ताराकाकू म्हणजे दौलतरावजींच्या पत्नी. त्यांना मूलबाळ नव्हतं.

त्यांचं गाव बोईरडीह. चार-पाच आळ्यांचं, एका तळ्याचं. कारखान्याच्या नकाशात ते बरोबर मधोमध आलं. मोजणीवाले आले, खुंट्या ठोकून गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्या खुंट्या चुलीत गेल्या. नोटिसा आल्या, त्याही कोणी वाचल्या नाहीत. गाव उठेना. अधिकारी टेकीला आले आणि पोलीस आणायची भाषा सुरू झाली. तेव्हा दौलतरावजींच्या डोक्यात एक कल्पना आली. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सरकारने नाही, पक्षाने नाही. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

आपल्याकडे लग्नाची अक्षत देतात, तसं तिकडे हळदीत रंगवलेले पिवळे तांदूळ हातावर ठेवून घरोघर बोलावणं करतात. त्याला ‘नेवता’ म्हणतात. एकदा ते तांदूळ मुठीत घेतले की माणूस जातोच, वैर असलं तरी जातो. आणि बोलावणाऱ्यालाही तेवढंच बंधन असतं. पाहुण्याचं सगळं नीट होईतो त्याने स्वस्थ बसायचं नाही, आणि पाहुणा निघाला की त्याला गावच्या शिवेपर्यंत पोचवायला जायचं.

दौलतरावजींनी ताराकाकूंकडून पायलीभर तांदूळ रंगवून घेतले आणि ते बोईरडीहच्या दारोदार हिंडले. “पोलिसाच्या मागं कावून जायचं? मी बलावतो तुमाले. कारखाना आपला हाय. घरामागं एकाले काम भेटीन. चला.” लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. दाऊच्या हातचे तांदूळ. कोण नाही म्हणणार? एकेक मूठ मिटत गेली.

एकच दार बंद होतं. फुलबासन नावाच्या विधवेचं. वयाने ती दौलतरावजींहून मोठी, लहानपणी त्यांना कडेवर घेतलेली. तिने आतून कडी घातली होती. दौलतरावजी उन्हात तिच्या दारापुढे मांडी घालून बसले. सकाळ गेली, दुपार कलली. शेवटी दार बोटभर उघडलं आणि फटीतून एक हात बाहेर आला. नुसता हात. त्याच्यावर त्यांनी तांदूळ ठेवले. हात आत गेला आणि दार पुन्हा लागलं.

गाव उठलं. पोलिसांची एकही काठी न पडता उठलं. साहेब लोक खूश झाले, दौलतरावजींच्या गळ्यात हार पडला, पुढच्या निवडणुकीचं तिकीटही न मागता मिळालं. कारखाना त्यांचा नव्हता, काम देणंही त्यांच्या हातात नव्हतं. बोलावणं मात्र त्यांचं होतं.

काम काहींना मिळालं. ठेकेदाराकडे, डोक्यावर टोपल्या वाहायचं. फुलबासनचा एकुलता एक मुलगा बिसाहू उंचावर परांचीवर चढायला लागला. शेतकरी माणूस, झाडापलीकडे उंच कधी चढला नव्हता. पावसाळ्याच्या तोंडी एका सकाळी तो तिथून खाली पडला. मागे बायको आणि एक लहान मुलगी राहिली, सुकवारा.

दौलतरावजी धावत गेले. बोईरडीहचे लोक तेव्हा रुआबांध्याच्या बाजूला झोपड्या टाकून राहत होते. आमदार आले म्हणून गर्दी बाजूला झाली. फुलबासन रडत नव्हती. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “दाऊ, नेवता तैं दे रहे. अब सिवाना तक तहीं पहुंचा.” बोलावणं तू दिलं होतंस, आता शिवेपर्यंत तूच पोचव.

त्यांनी पोचवलं. गाव गेलं होतं, पण जुन्या शिवेवरचं मोहाचं झाड आणि त्याखालचा शेंदराचा दगड कारखान्याच्या भिंतीबाहेर राहिले होते. बोईरडीहचे लोक आपली माणसं त्याच वाटेने नेत, लांब पडलं तरी. दौलतरावजींनी तिथवर खांदा बदलला नाही. वहाणा कुठे राहिल्या ते त्यांना कळलं नाही.

त्याच अधिवेशनात त्यांनी भोपाळला ते केलं, ज्याचं हसं पुढे दुर्गच्या पानठेल्यांवर वर्षभर चाललं. ते उभे राहिले आणि म्हणाले, बिसाहू नावाचा आमच्या गावचा मजूर काम करताना मेला, सभागृहाने त्याच्यासाठी दोन मिनिटं उभं राहावं. अध्यक्षांनी सौजन्याने सांगितलं की हे नियमात बसत नाही. दौलतरावजी म्हणाले, “बरं.” आणि तसेच उभे राहिले. एकटे. हात जोडून, मान खाली घालून. “बैठिए, बैठिए,” मागून आवाज आले. कोणी हसलं. कोणी कोट ओढला. ते आपल्या मनाने दोन मिनिटं पुरी होईतो उभे राहिले आणि मग बसले.

“मले वाटलं, कोणीतरी एखादा तं उठीन,” ते मला म्हणाले होते. हे सांगतानाही हसत होते, म्हणून मीही हसलो.

बिसाहूनंतर माणसं जातच राहिली. एक तापाने गेला, एक दारूने गेला. म्हातारे तर कशानेच गेले नाहीत, नुसते गेले. तळं नाही, पिंपळाचा पार नाही, सकाळी उठून जायचं कुठे तेच कळेना, आणि रात्रभर भट्टीचं ते लाल आभाळ. एका म्हाताऱ्याने तर विचारलं म्हणे, इथे सूर्य मावळत नाही का? दौलतरावजी प्रत्येकाच्या मागे शिवेपर्यंत गेले. मग हळूहळू परक्यांच्याही मागे जायला लागले. आंध्रातला असो, पंजाबातला असो. कारखान्यावर आला म्हणजे आपल्याच बोलावण्यावर आला, असा त्यांचा हिशेब.

मी एके दिवशी ताराकाकूंना विचारलं. त्या ओसरीवर डाळ निवडत होत्या. म्हटलं, “काकू, गावच्या मयतींना जातात ते समजलं. पण दुसरीकडे कुठेच कसे जात नाहीत? गावात लग्नं होतात, बारशी होतात. तिथे गेले तर लोकांचा राग तरी निवळेल.”

काकूंनी सुपातला खडा काढून अंगणात टाकला. “लग्नाले बलावणं लागते न, बापा.”

मी पायरीवर बसलो.

“बिसाहू मेला तवापासून त्या लोकायचे पिवळे तांदूळ आमच्या दारात आले नाईत. कोणी काई बोललं नाई, भांडलं नाई. नुसतं देत नाईत. आता बिनबलावल्या लग्नाले कसं जाईन माणूस? मयतीले बलावणं लागत नाई. म्हणून हे जातेत. तेवढीच घंटाभर आपल्या लोकायच्या मांडीले मांडी लावून बसाले भेटते याईले.”

डाळीत खडे काही राहिले नव्हते. काकू तरीही निवडत होत्या. त्या दिवसापासून मी ड्यूटीवर मयतीच्या आमदाराचे किस्से सांगणं सोडलं. मला ते पुन्हा जमलेच नाहीत.

तिसऱ्या निवडणुकीत दौलतरावजी पडले. पडायचेच होते. मेलेल्या मतदारांवर कोण निवडून येतो? रेल्वेचा पास गेला, एक खिसा रिकामा झाला. दुसरा भरलेलाच राहिला. सायकलही तीच, कोटही तोच. लोक ‘आमदार’ म्हणायचे थांबले नाहीत, कारण नव्या आमदारांना कोणी पाहिलंच नव्हतं.

मग बातमी आली की सुकवाराचं लग्न ठरलं. बिसाहूची मुलगी. दूर शिवनाथेपलीकडच्या गावी दिली होती. अक्षय तृतीयेला तिकडे अक्ती म्हणतात, त्या मुहूर्तावर.

दौलतरावजींनी कोट धुवायला टाकला. त्या आठवड्यात ते कुठेही गेले नाहीत. मयत झाली तरी गेले नाहीत, यावरून काय ते समजा. सकाळपासून दार सताड उघडं टाकून ओसरीवर बसून असत. रुआबांध्याकडचं कोणी डोक्यावर पाटी घेऊन रस्त्याने जाताना दिसलं की उठून उभे राहात. ते माणूस पुढे निघून गेलं की बसत. “उकाडा हाय,” म्हणत. मी माझ्या खिडकीतून हे पाहत होतो आणि मला त्या फुलबासनचा खरंच राग यायला लागला होता. मूठभर तांदूळ तर द्यायचे होते. पण मग बिसाहूचं आठवे, आणि रागवायला जागा उरत नसे.

तांदूळ आले नाहीत. रात्री लग्न लागलं. वाऱ्यावर वाजंत्रीचा आवाज तुटक तुटक येत होता.

सकाळी ते माझ्या दारात. धुतलेला कोट, धुतलेलं धोतर. “मालबाबू, जरा शिवेपर्यंत येता का संगं?”

“कोणती शीव?”

“मोहाच्या झाडापाशी. पोरगी जाऊन राहिली सासरी. त्याच वाटेनं जाईन.” मग मान खाली घालून म्हणाले, “एकटा गेलो तं लोकाईले वाटीन कोणी मेलं.”

लग्न लागून गेल्यावर आपण निघालो, वरातीमागून घोडं, हे मला दिसत होतं. तरी गेलो. झाडापाशी पोचलो आणि रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभे राहिलो, बिनबोलावलेल्या माणसाने जिथे उभं राहावं तिथे. भिंतीच्या आत चिमण्या धूर सोडत होत्या. इकडून बैलगाडी आली. गाडीत हळदीने माखलेली सुकवारा, मागे गाणं म्हणत चालणाऱ्या बायका, आणि सगळ्यांत पुढे काठी टेकत फुलबासन.

बायकांचं लक्ष त्या काळ्या कोटाकडे गेलं आणि गाणं अर्ध्यात थांबलं. त्या मागे वळून आपापली माणसं पाहायला लागल्या. सासू आहे, जाऊ आहे, पोरं आहेत. सगळी होती. पण गाणं काही पुन्हा सुरू झालं नाही. गाडीवानाने बैल थांबवले.

दौलतरावजींनी वहाणा काढल्या. मी त्यांच्या कोपराला धरून होतो.

फुलबासन त्यांच्याकडे पाहत उभी राहिली. मग गाडीकडे न वळताच म्हणाली, “सुकवारा, उतर. दाऊ के पांव पर.”

पोरगी उतरली. लुगडं सावरत रस्ता ओलांडून आली आणि वाकली. नमस्काराला वाकलेल्या नव्या नवरीच्या हातावर काहीतरी ठेवायचं असतं. दौलतरावजींनी घाईघाईने खिशात हात घातला आणि हाताला जे लागलं ते बाहेर काढलं. सुतळीचं गुंडाळं आणि कापराची पुडी. कोट धुऊन आल्यावर ताराकाकूंनी वर्षानुवर्षांच्या सवयीने जिथल्या तिथे भरून ठेवलेली.

नवरी हात पसरून उभी होती. दौलतरावजी त्या सुतळीकडे पाहत राहिले. मग त्यांनी ते सगळं परत खिशात कोंबलं आणि रिकामा हात तिच्या डोक्यावर ठेवला. काही तरी पुटपुटले. ते मला ऐकू आलं नाही.

ती परत गाडीत बसली. शेंदराच्या दगडावर नारळ फुटला, बैल निघाले. गावची माणसं शिवेवर थांबली, कारण रीतच तशी आहे. गाडी वळणाआड गेली तेव्हा फुलबासन रस्ता ओलांडून आमच्याकडे आली. पदराच्या टोकाची गाठ तिने दातांनी सोडली. लग्नाच्या बोलावण्यातले उरलेले तांदूळ होते, पिवळे. ते तिने मुठीत घेतले आणि मूठ पुढे केली. दौलतरावजींना आधी समजलंच नाही. मग त्यांनी घाबरून दोन्ही हातांची ओंजळ केली.

“बिहाव म नइ बलाएंव,” ती म्हणाली. लग्नाला नाही बोलावलं तुला. “मोर माटी म आबे, दाऊ.” माझ्या मातीला ये.

मयतीला बोलावणं लागत नाही, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तिलाही होतं. ती काठी टेकत बायकांकडे परत गेली आणि सगळ्या आल्या वाटेने निघाल्या.

परतताना माझं दार आलं तेव्हा दौलतरावजी मला ‘शिवेपर्यंत येतो’ म्हणायचं विसरले. मीच त्यांच्या मागे मागे त्यांच्या घरापर्यंत गेलो. ताराकाकूंनी मागच्या दाराशी बादलीभर पाणी काढून ठेवलं होतं. मयतीहून आलेल्या माणसाने आंघोळ करूनच घरात यायचं, आणि त्या घरात तो रोजचाच पाठ होता.

दौलतरावजी मागच्या दाराला गेले नाहीत. पुढच्या दाराने उंबरा ओलांडून सरळ आत आले. “पाणी राहू दे,” म्हणाले. “बलावणं आलं.”

त्यांनी मूठ उघडली. तांदळाची हळद घामाने तळव्याला लागली होती. एवढ्या मयतींना मी त्या माणसाबरोबर गेलो, कधी डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं. आता ते उभ्या उभ्या रडत होते, आवाज न करता, आणि मूठ तशीच पुढे धरली होती.

काकूंनी देव्हाऱ्यातली वाटी आणली आणि तांदूळ एकेक दाणा वेचून तिच्यात घेतले.

“कोणाकडलं?”

“फुलबासन काकीकडलं.”

“कधीचं हाय?”

दौलतरावजींनी कोटाच्या बाहीने तोंड पुसलं. “तारीख नाई सांगतली तिनं,” ते म्हणाले.